खैरबोडीचा जोडडोंगा

सुरुवातीलाच सांगून टाकतो की जहाज उत्तम होतं. जहाजात काडीची खोट नव्हती. खोट होती ती मासेमार सोसायटीच्या नियमांत, सोमाजी आणि भोजराज या दोन साडूंच्या डोक्यांत, त्या वर्षीच्या पावसात आणि खैरबोडी गावाच्या एकंदर वळणात. हे मी आजवर ज्याला ज्याला सांगितलं त्यानं "हव गुरुजी, जहाज चांगलंच होतं," असं म्हणून तोंड फिरवलं, आणि तोंड फिरवून तो हसत होता हे मला त्याच्या खांद्यांवरून कळलं. म्हणून आता लिहूनच ठेवतो. ज्याला हसायचं असेल त्यानं आपल्या घरी हसावं.

मी लाखनीच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवतो आणि खैरबोडीहून रोज सायकलनं जाऊन-येऊन करतो. मी समुद्र पाहिलेला नाही. यात लाजण्यासारखं काय आहे ते मला कळत नाही. उत्तर ध्रुव तरी कोणत्या मास्तरनं पाहिलाय? बी.एड.ला असताना आमची सहल रत्नागिरीला गेली होती, पण नेमकं त्याच सकाळी माझ्या मायच्या पोटात असं काही दुखू लागलं की मला वरठीच्या स्टेशनावरून परत यावं लागलं. संध्याकाळपर्यंत तिचं पोट थांबलं. सहल मात्र थांबली नाही. तेव्हापासून वर्गात बेटाची व्याख्या सांगितली की कोणीतरी उठतोच, "गुरुजी, तुमी समुद्र पाहिला काय?" मग मला सांगावं लागतं की चारही बाजूंनी पाणी असलेला जमिनीचा तुकडा म्हणजे बेट, त्याला समुद्रच लागतो असं पुस्तकात कुठेही लिहिलेलं नाही, आणि आमच्या खैरबोडीच्या तलावातही एक बेट आहे.

आहेच. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभं राहिलं की मधोमध एक टेकाड दिसतं. त्यावर मोहाचं झाड आणि झाडाखाली शेंदूर फासलेली मातामाय. उन्हाळ्यात तलाव आटला की तिथं शेळ्या चरतात. पण पावसाळा लागला की ते भूगोलाच्या सगळ्या नियमांप्रमाणे बेट होतं, आणि निर्जनही होतं.

या मातामायचा माझ्या मायकडे एक नवस बाकी होता. लुगडं, नारळ आणि ओटी घेऊन जायचं, आणि तेही पाण्यातून. उन्हाळ्यात शेळ्यांच्या मागून चालत गेलं तर तो नवस फिटत नाही. तलाव भरलेला पाहिजे. नवस कधीचा, तर मला कळायला लागलं तेव्हापासून मी त्याच्याबद्दल ऐकत होतो. कशासाठी केलेला, हे मी विचारलं नव्हतं. माझ्या मायचे नवस इतके असतात की एकेकाची चौकशी करत बसलो तर शाळा सोडावी लागेल. "तुयाच नावाचा हाय," एवढंच ती म्हणे. मात्र घरात काहीही वाकडं झालं, माझी बढती हुकली किंवा म्हैस आटली, की ती तलावाकडे पाहून म्हणायची, "मातामायचं देनं राहिलं ना गा, टिकाराम."

दर वर्षी पोळा झाला की हा विषय निघे आणि दर वर्षी डोंग्यापाशी येऊन अडे. आमच्याकडचा डोंगा म्हणजे एका झाडाचं खोड कोरून केलेली होडी. अरुंद आणि गोल बुडाची. तीत बसून शिंकायचं असलं तरी आधी दोन्ही बाजूंना सांगावं लागतं. माझी माय आनंदाबाई अंगानं भरलेली बाई. ती पाळीपर्यंत यायची, डोंग्याकडे पाहायची, पदर तोंडाला लावायची आणि "कलंडते वं माय, मले दिसूनच राहिलं," असं म्हणून परत फिरायची. तिला स्वतःच्या जिवाची भीती वाटते असा माझा समज झाला. तो कोणाचाही झाला असता.

मग एकोणऐंशी साल उजाडलं. अमेरिकेची स्कायलॅब नावाची अवकाश प्रयोगशाळा पडणार म्हणून अख्खा जिल्हा आभाळाकडे बघत होता आणि मी शाळेच्या रद्दीकडे बघत होतो. तिच्यात एका इंग्रजी मासिकाचं पान सापडलं. पानावर जहाजाचा रंगीत फोटो. दोन लांबट होड्या शेजारी शेजारी, मध्ये बैलगाडी जाईल इतकी जागा सोडलेली, वरून आडव्या दांड्या टाकून दोघींना जखडलेलं आणि त्यावर फळ्यांची माची. मागे फेसाळलेला समुद्र, पुढे ओसाड बेट, आणि माचीवर एक दाढीवाला साहेब कपबशी घेऊन उभा. लाटा पुरुषभर उंच, पण बशीत चहा सांडलेला नव्हता. खाली लिहिलं होतं की या जहाजाला कॅटामरान म्हणतात, दूरदूरच्या निर्जन बेटांवर मोहिमा याच्यातून जातात, आणि ते कलंडत नाही.

ते कलंडत नाही! मी ते पान घडी करून खिशात घातलं आणि सायकल इतकी जोरात मारली की चेन पडली.

"माय," मी घरी येऊन म्हणालो, "या वर्षी तुझा नवस फिटला म्हणून समज. दोन डोंगे बांधून जोडडोंगा करतो. त्यावर तू पाट टाकून बस, मांडी घालून बस, झोपून जा म्हटलं तरी चालेल."

माझी कल्पना होती की ती आनंदेल. तिनं चित्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आन तू कुठी बसशीन?"

"मी कप्तान. मी उभा राहीन."

"काही गरज नाही," माय म्हणाली आणि तांदूळ निवडायला बसली. मनातून माणूस किती आनंदला हे प्रत्येक वेळी चेहऱ्यावर दिसतंच असं नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली.

बातमी संध्याकाळपर्यंत गावभर झाली. शेजारचे यादोराव सर्वांत आधी आले. यादोराव निवृत्त पटवारी. त्यांनी आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या, त्यामुळे त्यांना कोणत्याही गोष्टीत एक हात कमी दिसतो. "गुरुजी, मधात जागा सोडू नका," ते म्हणाले. "मधातून पानी वर येईन." मी म्हणालो, जागा सोडल्यामुळेच ते कलंडत नाही. ते म्हणाले, "मंग जागा जास्त सोडा." शिवाय जाता जाता, "आभाळातून स्कायलॅब पडून राहिली आन तुमी जहाज कायले बांधून राहिले? लोकं खंदक खोदून राहिले," हेही ऐकवून गेले. त्याच रात्री माझ्या जहाजाचं नाव गावानं स्कायलॅब ठेवलं. नाव ठेवताना मालकाला विचारायची आमच्याकडे पद्धत नाही.

दुसरे आले बाबूलाल, किराणा दुकानवाले. "गुरुजी, दोर मेरी तरफ से. जितना लागते तितना घ्या," असं म्हणून त्यांनी काथ्याचं भेंडोळं माझ्या पायाशी टाकलं. मी भारावून गेलो. तेव्हा ते म्हणाले, "बस, बाजूले आपल्या दुकानाचं नाव लिहू द्या." आता मला सांगा, त्या निर्जन बेटावर वाचणार कोण? पण दोर घेतला होता. अशा रीतीनं माझ्या जहाजाच्या उजव्या पोटावर लाल रंगात "बाबूलाल किराणा व अनाज भांडार" आणि खाली "उधार बंद" असं लिहिलं गेलं.

खरी परीक्षा पुढेच होती. तलावात डोंगा घालायला परवानगी लागते. कोणाची, हे कोणालाच माहीत नव्हतं. एका कचेरीत सांगितलं, तलाव आमचा पण पाणी आमचं नाही. ज्यांचं पाणी होतं त्यांनी सांगितलं, पाण्याखालचं आम्ही बघत नाही आणि पाण्यावरचंही बघत नाही. तिसऱ्या ठिकाणच्या बाबूंनी अर्ज वाचला आणि विचारलं, "ही नाव एक आहे की दोन?"

मी म्हणालो, "एक."

"पण अर्जात दोन डोंगे लिहिलेत."

"दोन डोंगे मिळून एक जहाज होतं."

"मग सुटे केले तर?"

"सुटे करायचेच नाहीत."

"नाही, पण समजा केले तर?" बाबू मोठ्या आशेनं म्हणाले. मी माणूस शांत आहे. पण त्या दिवशी मी त्यांना भूगोलाच्या मास्तरच्या आवाजात विचारलं की बैलजोडी एक असते की दोन असते. बाबूंनी विचार केला आणि अर्जावर लिहिलं, "मासेमार सोसायटीचे मत घ्यावे."

मासेमार सोसायटीचा नियम असा की एका सभासदाचा एकच डोंगा तलावात राहील. माझ्या जहाजाला दोन डोंगे. म्हणजे दोन सभासद पाहिजेत. एक सोमाजी तयार झाला. दुसरा डोंगा रिकामा होता तो भोजराजचा. हे दोघे साडू, दोन सख्ख्या बहिणी त्यांच्या घरात, आणि एका जाळ्यावरून झालेल्या भांडणापासून दोघांत शब्द नाही. सोसायटीनं हे सगळं माहीत असून ठराव केला की जहाजाचं डावं पोट सोमाजीचं, उजवं भोजराजचं, वल्ही ज्यानं त्यानं आपल्या बाजूची मारावीत, आणि मधल्या माचीशी सोसायटीचा संबंध नाही. भोजराजच्या बाजूवर "उधार बंद" आलं, यावरून सोमाजी एक आठवडा हसत होता आणि भोजराज एक आठवडा कामाला आला नाही.

माचीला फळ्या हव्या होत्या. आमच्या न्हाणीचं दार चांगलं सागाचं, अख्खं. मी ते बिजागऱ्यांतून काढलं. ललितानं, म्हणजे माझ्या बायकोनं, आंघोळीला जाताना पाहिलं की दाराच्या जागी पोतं लटकतंय.

"अवो," ती बाहेरूनच ओरडली, "दार कुठी गेलं?"

"मोहिमेवर," मी म्हणालो.

पुढचे काही दिवस आमच्या घरात माझ्याशी भिंतीकडे पाहून बोललं जात होतं. यादोरावांच्या बायकोला तिनं सांगितलं, "मानसाले समुद्राची इतकी हौस असन तं समुद्रावर जावं, माह्या न्हानीत कायले शिरावं?" एका घरगुती नवसासाठी मी राबत होतो. तो नवस माझा नव्हता, तिचाही नव्हता. तरी शिव्या मला.

या सगळ्या काळात मायचं एक काम चालू होतं, आणि ते म्हणजे आडवं येणं. डोंग्यांना डांबर लावायला काढलं तेव्हा अमावास्या आली. दांड्या बांधायच्या तर शनिवार. एकदा तर सोमाजी वल्हं घेऊन दारात आला आणि माय म्हणाली, "आज नको, मले सपन पडलं." स्वप्नात काय पडलं ते सांगेना. मी तिला समजावलं की बाई, हे सगळं तुझ्यासाठीच चाललंय. ती म्हणाली, "मले समजते गा. सगळं समजते." म्हातारपणी माणूस चमत्कारिक होतो, हे मी ऐकून होतो.

शेवटी गणपती उठायच्या आधी जोडडोंगा तयार झाला. तलाव काठोकाठ होता. चाचणीसाठी अर्धं गाव पाळीवर, उरलेलं अर्धं वाटेवर. मी लाखनीच्या हमरस्त्यावरून ट्रकची जुनी ट्यूब आणून कमरेला अडकवली होती, कारण मला पोहता येत नाही. तलावाच्या गावात जन्मून पोहता येत नाही म्हणून जे हसतात त्यांना सांगतो, लहानपणी मी पाण्याच्या दिशेनं चार पावलं टाकली की माय पाठीमागून कान धरून परत आणायची. माणूस शिकणार कधी?

मी माचीवर चढणार तेवढ्यात माय गर्दीतून आली. हातात बंडीचा, म्हणजे बैलगाडीचा, दोर. सगळ्या गावासमोर, माझ्या शाळेतल्या सगळ्या वर्गांसमोर, तिनं तो दोर माझ्या कमरेला बांधला, तीन गाठी मारल्या आणि दुसरं टोक हाताला गुंडाळून पाळीवर बसली.

"माय, हे काय?"

"असू दे."

"मी सेहेचाळीस वर्षांचा आहे."

"हव ना. असू दे."

एका टोकाला वासरासारखा बांधलेला कप्तान जगाच्या कोणत्या सागरावर निघाला असेल तर मला कळवावं. मी तरीही मान ताठ ठेवली आणि हुकूम दिला, "चला!"

सोमाजीनं वल्हं मारलं. भोजराजनं सोमाजीनं मारलं म्हणून मारलं नाही. जहाज उजवीकडे वळलं. मग भोजराजनं मारलं, तेव्हा सोमाजी थांबला. जहाज डावीकडे आलं. मी म्हणालो, दोघं मिळून मारा. सोमाजी म्हणाला, "गुरुजी, त्याले सांगा, पहिले त्यानं मारावं." भोजराज हातभर अंतरावर बसलेला होता. तो म्हणाला, "गुरुजी, त्याले सांगा, मी कोनाचा नोकर नाई." मी एकाचं दुसऱ्याला सांगत होतो, दुसऱ्याचं पहिल्याला सांगत होतो, आणि तेवढ्यात दोघांनीही इरेला पेटून एकदम वल्ही मारली, एकानं पुढे आणि एकानं मागे. जहाज जागच्या जागी गरगर फिरू लागलं. मी पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे दर वर्षी शिकवतो, पण ते प्रत्यक्ष भोगायची वेळ प्रथमच आली. प्रत्येक फेरीला मायचा दोर माझ्याभोवती एक वेढा घेत होता. पाळीवर बाया डोळे पुसत होत्या, हसून हसून.

पण एक गोष्ट सगळ्या गावानं पाहिली, आणि ती कोणी बोलत नाही. जहाज कलंडलं नाही. इतक्या गिरक्या घेऊनही माझ्या पायाला पाणी लागलं नाही. मायनं दोर ओढला तसं ते सरळ, शहाण्यासारखं काठाला आलं.

"बघितलंस?" मी खाली उतरून म्हणालो. "आता निघायचं. परवा निघू."

मायचा चेहरा पांढरा पडला होता. "परवापासून पितृपक्ष हाय," ती म्हणाली. "नवरात्रीत पाहू. अष्टमीले."

अष्टमी तर अष्टमी. मी जहाज पाळीखाली बांधून ठेवलं आणि रोज शाळेतून आल्यावर त्याच्याकडे पाहून येत होतो. या दिवसांत आणखी एक गोष्ट घडत होती, ती म्हणजे पाऊस घडत नव्हता. पूर्वा कोरडी गेली. उत्तरा लागली, तीही कोरडीच. बांध्यांमधलं, म्हणजे भातखाचरांमधलं, पाणी आटलं, उशिरा येणारा भारी धान पोटरीवर आलेला, आणि जमिनीला भेगा पडू लागल्या. मग एके दिवशी चावडीवर सभा बसली. विषय एकच, तलावाचं तुडूम उघडायचं की नाही. तुडूम म्हणजे पाळीखालून पाणी सोडायची मोरी. ती उघडली की तलाव बांध्यांत जातो.

मला धान दिसत नव्हता असं कोणी समजू नये. आमची स्वतःची बांधीही तलावाखालीच आहे, आणि तिच्यातला धानही माना टाकत होता. पण मी हिशेब केला होता. अष्टमी तोंडावर आली होती. मी सभेत उभा राहिलो आणि सगळ्यांना समजेल अशा भाषेत सांगितलं की थोडे दिवस थांबा, पाऊस येण्याचं लक्षण आहे, वारे कुठून वाहतात ते मी नकाशावर दाखवतो, आणि एका म्हातारीचा जन्माचा नवस आहे, त्याचाही विचार करा. काही लोकांनी माना डोलावल्या. मातामायचं नाव निघालं की आमच्याकडे लोक जरा दबतात. मला वाटलं, जिंकलो.

तेव्हा यादोराव खाकरले. "गुरुजीचं बोलनं बरोबर हाय. पन रीत काय हाय? तुडुमाच्या सभेत ज्याची बांधी त्याचं मत. गुरुजी, तुमची बांधी कुठी हाय? सातबारा आनंदाबाईच्या नावाचा हाय. मीच चढवला होता."

मी म्हणालो, मी त्यांचा मुलगा आहे. यादोराव म्हणाले, "मुलगा हाय, कोन नाही म्हनते? पन मत बाईचं."

सगळ्यांनी मागे पाहिलं. बाया विहिरीपाशी उभ्या होत्या. माझी माय आजवर सभेत कधी बोलली नव्हती. नवस तिचा. जहाज तिच्यासाठी. न्हाणीचं दार गेलं ते तिच्यासाठी. शाळेत पोरं फळ्यावर गरगर फिरणारं जहाज काढून ठेवत होती, तेही तिच्याचसाठी मी सोसत होतो. मी तिच्याकडे मोठ्या विश्वासानं पाहिलं.

"सोडा तुडूम," माय म्हणाली. "आजच सोडा."

"माय!" मी म्हणालो.

"धान मरून राहिला," ती माझ्याकडे न पाहता म्हणाली. "आताच सोडा म्हनते ना मी. पूरं सोडा."

इतकी खणखणीत ती माझ्या लग्नातही बोलली नव्हती. तुडूम त्याच संध्याकाळी उघडलं. मी त्या रात्री जेवलो नाही. ललितानं भिंतीकडे पाहणं सोडून पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "जाऊ द्या ना, दार तं परत येईन." याला सहानुभूती म्हणतात असं मी धरून चालतो.

त्यानंतर तलाव रोज हातहात खाली जाऊ लागला. बांध्या हिरव्या झाल्या, लोकांचे चेहरे उजळले आणि माझं जहाज चिखलावर टेकलं. पाणी उथळ झालं तसे मासे एका जागी गोळा झाले. ते पाहून सोमाजी आणि भोजराज यांचं इतक्या वर्षांचं वैर एका सकाळीत मिटलं. दोघांनी एकाच जाळ्याची दोन टोकं धरली आणि तालात पावलं टाकत ते ओढू लागले. "जरा तुया बाजूनं ढील दे गा, सोमाजी." "हव, देतो ना भोजराजभाऊ." मी पाळीवर उभा राहून हे ऐकलं. माझ्या जहाजावर हीच माणसं हातभर अंतरावरून माझ्यामार्फत बोलत होती. मी घरी परतलो आणि ते मासिकाचं पान चुलीत घालायला गेलो, पण चूल विझलेली होती.

अष्टमीला सकाळी मी मुद्दाम उशिरा उठलो. बाहेर येऊन पाहतो तर माय नवं लुगडं नेसून तयार. ताटात ओटी, नारळ, मातामायचं हिरवं लुगडं. दारात यादोरावांची बंडी जुंपलेली, आणि बंडीवर माझं जहाज. सोमाजी एका बाजूनं आपलं पोट धरून उभा, भोजराज दुसऱ्या बाजूनं आपलं.

"चाल," माय म्हणाली. "पानी हाय अजून. मी पाहून आली. पायाच्या घोट्याएवढं हाय, मधात गुडघ्याएवढं. पानी तं पानीच ना?"

"मग बस वर," मी तोंड फुगवून म्हणालो.

"मी कायले बसू? मी चालते. तू बस."

"मी?"

"नवस तुया हाय."

मी नाही म्हणालो. चार वेळा नाही म्हणालो. हायस्कुलाचा शिक्षक बंडीवरच्या होडीत बसून गावातून जाणार नाही, असं अगदी स्पष्ट सांगितलं. मायनं काही वाद घातला नाही. तिनं बंडीचा तो दोर आणला, माझ्या कमरेला बांधला, तीन गाठी मारल्या आणि टोक हाताला गुंडाळलं. मग त्या तिन्ही गाठी पुन्हा एकदा ओढून पाहिल्या. ते पाहिलं आणि मी चढून बसलो. न्हाणीच्या दारावर.

वरात पाळीवरून उतरली. पुढे माय, एका हातात ताट, दुसऱ्यात दोर, काठीनं पाणी मोजणाऱ्या यादोरावांना विचारत, "खोल नाई ना?" मागे बंडी, तीवर जहाज, त्यावर मी, आणि माझ्या बाजूला ठळक अक्षरांत "उधार बंद". कोणीतरी "मोरया" म्हणून ओरडलं. बैल पाण्यात शिरले. पाणी चाकाच्या आसापर्यंतही पोचत नव्हतं. पण जरा कुठे खळबळलं की माय थांबायची आणि दोर आवळायची.

मध्ये गुडघाभर पाण्यात बंडी रुतली. मी उतरून हात लावावा म्हणून एक पाय खाली टाकला, तशी माय ओरडली. ती अशी ओरडली की बैलसुद्धा दचकले. "पाय वर घे! वर घे पहिले!"

मी पाय वर घेतला.

"तू तीन वर्साचा होता," माय म्हणाली. ती माझ्याकडे पाठ करून उभी होती. "मी त्या पाळीवर धुनं धूत होती. मांगं पाहिलं तं तू नाई. पान्यावर निस्ती तुयी टोपी. सोमाजीच्या बापानं काढलं तुले. सास नव्हता. मी मातामायले म्हनलं, याले परत दे, मी याले पान्यातूनच आनून तुया पायावर घालीन. आन तू रडला."

"मग आणलं का नाहीस? इतकी वर्षं?"

"कशी आनू? ज्या पान्यानं नेला त्याच्यातच परत कशी टाकू तुले?"

मला संताप आला. खरंच आला. म्हणजे मला पोहता येत नाही ते यामुळे. रत्नागिरीच्या सकाळी हिच्या पोटात दुखलं ते यामुळे. ती अमावास्या, तो शनिवार, ते स्वप्न, आणि ते तुडूम! माणसाला भर सभेत तोंडावर पाडायचं आणि कारण सांगायचं नाही! "मला सांगायचं तरी होतंस," मी म्हणालो.

"सांगतलं असतं तं तू दुसऱ्याच दिवशी डोंग्यात जाऊन बसला असता. मले काय मालूम नाई तू?"

सोमाजीनं आणि भोजराजनं चाकांना खांदे लावले, यादोरावांनी बैल हाकारले आणि बंडी निघाली. मी दोन्ही पाय वर घेऊन बसलो होतो.

बेटाशी पोचल्यावरही मायनं मला पाण्यात पाय टाकू दिला नाही. बंडी थेट मोहाखाली नेऊन कोरड्या मातीवर उतरवलं. मग ती दोराच्या गाठी सोडू लागली. वाटभर दोर ओढून ओढून गाठी आवळल्या होत्या. यादोराव म्हणाले, कापून टाका. ती ऐकेना. नखांनी, दातांनी, एकेक गाठ तिनं सोडवली. दोर गुंडाळून लुगड्याजवळ ठेवला. मग माझी मान धरून, लहानपणी कान धरायची तशीच, तिनं माझं डोकं शेंदरावर टेकवलं.

"घे माय," ती म्हणाली. "आनला. कोरडा आनला."